चादरीबाहेरचे पाय

८ फेब्रुवारी, शनिवार

पास झाले की नाही माहीत नाही, पण नापास अजून नाही! केनवडचं स्थळ येऊन गेलं. हरीओम नाव. शेती, एक जीप, आणि बोलणं अगदी मोजून-मापून. उद्या आम्हा दोघांना वाशीमला पिक्चरला पाठवायचं ठरलं — मधल्या खुर्चीत मंजुषामावशी. स्थळ तिनेच आणलंय, तेव्हा पहाराही तिचाच. आईने आत्ताच बजावलं, "निकिता, तोंड बंद ठेवजो. मागचं स्थळ काहून गेलं, ध्यानात हाय ना?"

आहे. 'पोरगी वकिलासारखी उलटतपासणी घेते' म्हणाले होते.

मला हा मुलगा आवडलाय. लिहून टाकलं. आता खोडायचं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

तोंड बंद ठेवलं — नावांच्या पाट्या संपेपर्यंत.

पिक्चर त्यानेच निवडलेला. रहस्यपट म्हणे! रहस्य कसलं — सबंध गावात शाल पांघरून फिरणारा एकच माणूस, आणि तोच खुनी. आम्हाला सुरुवातीलाच कळलं, फौजदाराला शेवटपर्यंत कळेना. तो नुसता चहा पीत होता. बशीत ओततो, फुंकतो, खिडकीबाहेर बघतो, परत फुंकतो... तेवढ्या वेळात माझ्या पालकाच्या अर्ध्या वाफ्याच्या जुड्या बांधून झाल्या असत्या. मावशी घोरायला लागली.

मग खुनी रात्री डोक्याएवढ्या तुरीत लपला. सकाळी पोलीस आले, तर त्याच वावरात घोट्याएवढा हरभरा! "एका रातीत तूर कापली, पेरा केला, अन् हरभरा उगवला बी?" बोललेच मी. पुढच्या रांगेतले हसले. मग काय, मला चेवच आला.

शेवटी नदीकाठी प्रेत. पांढऱ्या चादरीबाहेर नुसते पाय, आणि कॅमेरा तिथून हलायचं नाव घेईना. तेवढ्यात अंगठा वळवळला! मी ओरडले, "अवं माय, मुडदा जित्ता हाय!" सगळं थेटर हसलं. मावशी दचकून जागी झाली. हरीओम तेवढा हसला नाही.

बाहेर आल्यावर त्याने आम्हाला भजी खाऊ घातली. माझ्या पुड्यात मिरच्या जास्त टाकायला लावल्या — घरी मी ताटातल्या सगळ्या संपवल्या होत्या, ते बघून ठेवलं असणार. मग हळूच विचारलं, "लयच बेकार होता काय?"

"सगळ्यात बेकार तो मुडदा," मी म्हटलं. हसत हसत म्हटलं! शाबास, निकिता.

१० फेब्रुवारी, सोमवार

निरोप नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

निरोप नाही. आई म्हणाली, "तू बोल्ली ना तिथं?" मी वांगी निवडत राहिले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मावशी आली. चप्पल काढायच्या आधीच कपाळावर हात. "निकिते, तो मुडदा हरीओमच होता वं!"

शूटिंग केनवडच्या बाजूला झालेलं. आधी त्याचा चेहराच दिसायचा होता. ऐन वेळी त्याची आई सीताबाई आडवी आली — "लग्नाचं पोरगं हाय माहं. त्याचं तोंड मुडदा म्हणून दाखवू नका." म्हणून ती चादर! पिक्चर लागल्यावर गावातले लोक जीप भरभरून वाशीमला आले, त्या पायांसाठी टाळ्या वाजवून गेले. आणि मला ते दाखवायला तो मुद्दाम घेऊन गेला होता.

मी पिक्चरमधली भोकं शोधत बसले. एका खुर्चीपलीकडच्या माणसाचा चेहरा का पडलाय, हे काही या वकीलबाईंना शोधता आलं नाही. आता तो येणार नाही. फार वाईट वाटतंय. रात्री जेवले नाही.

खोटं. एक भाकर खाल्ली. पण चव लागली नाही, हे खरं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

त्याचा मेसेज — "मुंगी चावली होती. अंगठा हालला, त्याले मी काय करू? आई रविवारी सुपारी फोडू म्हणून राह्यली. येऊ का?"

मी लिहिलं — "या. पण तुरीच्या वावरात हरभरा कसा आला, तेवढं डायरेक्टरले विचारून या."