धुतलेल्या तुपाची परात जयमालाला

मी, आक्काबाई जालिंदर भिंगारदिवे, वय बासष्टच्या आसपास, राहणार पिंपरवाडी, तालुका नेवासा, जिल्हा अहमदनगर, आज रविवारी दुपारी माझ्याच घराच्या ओट्यावर बसून हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहून घेत आहेत आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक महेंद्र गुरुजी. माझी शुद्ध जागेवर आहे. कोणी दटावून माझ्याकडून हे लिहून घेत नाही. उलट लिहू नको म्हणून दटावणारे दोघेजण समोरच बसले आहेत. एक माझा मुलगा संदीप, दुसरे माझे धाकटे दीर पुंजाराम.

घाई कशाची, ते आधी सांगते. जेवणाच्या वेळेला मी भाकरीवर चांगलं वाटीभर धुतलेलं तूप घालून खाल्लं आहे. ते अंगाला लावायचं असतं, खायचं नसतं. ते इख आहे, खाल्लं की माणूस मरतो, असं सगळा गाव मानतो. माझ्या मालकांनी हेच तूप कार्तिकात दुपारी खाल्लं आणि दिवेलागणीला ते गेले. आज दिवेलागणीपर्यंत माझं काय होतं ते सगळ्यांनी बघावं. तोवर मी माझी निरवानिरव करून ठेवते.

गुरुजी म्हणतात, मृत्युपत्रात हे असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, लिहा.

कलम पहिले. मी जे खाल्लं ते माझ्या हाताने, माझ्या मर्जीने खाल्लं. बरणीतून काढलं मी, भाकरीवर घातलं मी. जयमाला, म्हणजे माझी सून, त्या वेळी या गावातही नव्हती. मला काही झालं तर तिच्या अंगाला बोट लावायचं नाही, आणि तिच्या बापाच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, पोलीस पाठवायचे नाहीत. हे ऐकून पुंजारामभाऊजी म्हणाले, "वहिनी, कशाला जिवाशी खेळता? इखच हाय ते. तुमीच सांगत हुता की सगळ्यांना." होय, मीच सांगत होते. माझ्या सासूबाई गोजरबाईंनी मला तसं सांगितलं, मी घेणाऱ्या प्रत्येकाला तसं सांगितलं. पण त्यांनाही कोणी तरी सांगितलेलंच होतं. खाऊन कोणी पाहिलं होतं? बाबासाहेबांच्या मागे आम्ही धम्मात आलो ते ऐकीव गोष्टींवर मान डोलवायला नव्हे.

कलम दुसरे, घराबाबत. तीन खणांचं घर आणि पुढची मोकळी जागा ग्रामपंचायतीच्या दप्तरी माझ्या नावावर आहे. त्यातलं अर्धं संदीपचं आणि अर्धं जयमालाचं, तिच्या स्वतःच्या नावाने. नवऱ्याची बायको म्हणून नव्हे. उद्या सोमवारी नेवाशाला जाऊन फारकतीचा कागद करायचा बेत काका-पुतण्यांनी केला आहे, तो झाला तरी तिचं अर्धं तिचंच राहील. तिच्या सहीशिवाय संदीपला यातली वीटही विकता येणार नाही. पुढच्या मोकळ्या जागेवर पुंजारामभाऊजींचा डोळा आहे. तिथे त्यांना पिठाची गिरणी टाकायची आहे. "दारात गिरणी नगं, लेकराच्या नाकातोंडात पीठ जाईल," असं जयमाला त्यांच्या तोंडावर बोलली होती. तेव्हापासून ती त्यांना वाईट चालीची दिसू लागली. मालक गेल्यावर इखाची गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली, हे मी लिहून ठेवत नाही. ते समोरच बसले आहेत.

कलम तिसरे, परातीबाबत. हे कलम गुरुजींनी सावकाश लिहावं.

तांब्याची मोठी परात, तांब्याचा तांब्या आणि चिंचोक्यांची पिशवी ही तिन्ही जयमालाला. परात गोजरबाईंची. त्यांच्या काळी आमच्या हातचं खायचं तूप गावात कोणी घेत नव्हतं, अंगाला लावायचं मात्र मागल्या दाराने नेत. वाटी खाली ठेवायची, आपण मागे सरायचं, मग त्या बायका पुढे येऊन उचलायच्या. भेगा सगळ्यांच्याच टाचांना पडतात. मी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बसायला लागल्यावर ते मागलं दार बंद केलं. गाईच्या सडाला चिरा पडल्या की तिथले लोक माझ्याकडे येतात आणि तेच तूप घरी नेऊन बायकोच्या हातांनाही लावतात.

कृती लिहून ठेवते, म्हणजे कोणी वाटेल ते घोटून माझं नाव सांगणार नाही. गाईचं चांगलं कढवलेलं तूप परातीत घ्यायचं. वर गार पाणी ओतायचं. तळहाताच्या टाचेने गोल गोल घोटायचं. पाणी गढूळ झालं की परात तिरकी करून ओतून टाकायचं, नवं घालायचं. असं शंभर पाणी. एक पाणी झालं की एक चिंचोका इकडून तिकडे. तूप पांढरं होतं, हलकं होतं, त्याचा वास जातो आणि हाताला गार लागतं. शेवटी पाण्याचा टिपूस राहू द्यायचा नाही, नाहीतर ते बरणीत नासतं. मधेच कंटाळून थांबलेलं तूप हाताला चिकट लागतं, लावणाऱ्याला लगेच कळतं. अत्तर घालायचं नाही, हळद घालायची नाही.

आणि परातीला कल्हई करायची नाही. तूप उघड्या तांब्यावरच घोटायचं असतं. जयमाला लग्न होऊन आली त्या वर्षी कल्हईवाला दारात आला. मी बाजाराला गेले होते. सासूला बरं वाटावं म्हणून हिने भांड्यांबरोबर परातही कल्हईला दिली. मी येऊन पाहते तर परात चांदीसारखी लखलखत होती आणि ही कौतुकाची वाट पाहत उभी. मी तिला काय काय बोलले ते या कागदावर मावायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती विटेचा तुकडा, वाळू आणि चिंच घेऊन परसात बसली. मी म्हटलं राहू दे, तरी उठेना. सगळी कल्हई खरवडून तांबं वर काढलं. बोटांची सालटं निघाली. मग त्याच परातीत तिने पहिलं तूप घोटलं आणि ते पहिल्यांदा तिच्याच बोटांना लागलं. त्या दिवसापासून ती परात मनाने मी तिला दिलेलीच आहे, आज फक्त कागदावर येत आहे.

कलम चौथे. माझे मालक जालिंदर यांच्याबाबत. त्यांची सायकल आणि रेडिओ संदीपला. त्यांच्या मृत्यूबाबत मला माहीत आहे तेवढंच सांगते. मी त्या दिवशी घोडेगावला होते, त्यामुळे घरात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. जयमाला मला म्हणाली, "वाटी मीच काढली हुती, आत्या. रश्मीचे गाल उलले हुते म्हनून. मी पान्याला गेल्ते. आबांनी लोनी समजून कवा घेतलं, मला ठावं न्हाई." रश्मी म्हणजे माझी नात. लेकराचे गाल थंडीत तडकतातच. फळीवर पांढरी वाटी दिसली, भुकेल्या माणसाने लोणी म्हणून खाल्ली, यात मला नवल वाटत नाही. आणि नगरच्या डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितलं होतं की मालकांचं काळीज दमलेलं आहे, जड कामं बंद करा. मालकांनी ऐकलं नाही, त्या दिवशीही ते शेतातून ढेकळं फोडून आले होते.

डॉक्टरचं कोणाला पटलं नाही, इखाचं मात्र लगेच पटलं. संदीपनेही मान खाली घातली आणि बायकोला लेकरासकट तिच्या वडिलांकडे धाडून दिलं. तिचे वडील ऊसतोडीला गेलेले. ती आता शेवगावच्या रस्त्याला फडावर कोपीत राहते आणि उसाच्या मोळ्या बांधते, असं कानावर आलं आहे. वाटी कोणी कुठे ठेवली, कोणी काय वाढलं, याचा निवाडा मला करता येत नाही. तुपाचा करता येतो. म्हणून मी त्याच बरणीतलं, त्याच घोटणीचं राहिलेलं तूप खाल्लं. मालकांच्या ताटाशी रिकामी सापडली होती तीच वाटी भरून, त्याहून कमी नाही. मोजायला शेजारच्या छबूबाई होत्या.

इथे गुरुजींनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "आक्काबाई, तुम्ही गेलात तर जयमालाच्या गळ्यातला फास पक्का होईल. याचा विचार केलात?" केला आहे. रात्र रात्र केला आहे. मी गेले तर ते इख होतं असं ठरेल, आणि तिला दोन माणसांचा बट्टा लागेल. मला त्याची भीती वाटते. मरणाची वाटते त्याहून जास्त वाटते. म्हणूनच अर्धं घर आधी तिच्या नावावर केलं आहे. पण काहीच केलं नाही तर तो बट्टा जन्मभर तिला आहेच, आणि तिच्या मागे रश्मीलाही. सोयरिकीला पाहुणे आले की कोणी तरी कुजबुजेल, हिच्या आईने सासऱ्याला मारलं म्हणून. ते मला चालणार नाही. जयमाला मला आवडते. पोटच्या पोराइतकी आवडते, आणि या महिन्यात तर त्याच्याहून जास्त.

संदीप ओट्यावरून उठून गेला आहे.

कलम पाचवे. चार शेळ्या संदीपच्या. माझी लुगडी छबूबाईंनी वाटावीत. पुंजारामभाऊजींना माझ्या घरातलं काहीही नाही. आज बसायला पाट दिला आहे, तो उठताना जागेवर ठेवावा.

कलम सहावे. मी आज गेले तर त्रिसरण-पंचशील म्हणून मला साध्या पांढऱ्या कापडात न्यावं. आंघोळ जयमालानेच घालावी. ती येईपर्यंत मला हलवायचं नाही. माझ्या टाचांना तिने

येथे थांबावं लागलं. संदीप कुठून तरी टेम्पो घेऊन आला आहे. टेम्पो दारात उभा आहे, इंजिन चालू आहे, गुरुजींना माझं बोलणं ऐकू येत नाही. मला घाम आला आहे आणि पोटात ढवळतं आहे, हे खरं आहे, लपवत नाही. संदीपने ते पाहिलं. माझा दंड धरून म्हणाला, "आई, चल. नगरला जाऊ. मी हात जोडतो. आबा असेच घामेजले हुते." मी म्हटलं, दिवेलागणीपर्यंत मी या ओट्यावरून हलणार नाही. तो रडायला लागला. तो लहानपणीही असाच रडायचा, हुंदका गिळत. मला त्याचा राग आला आहे आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटतं आहे. छबूबाईंनी मला गूळ घालून पाणी दिलं. उपाशीपोटी एवढं तूप खाल्लं की कोणाच्याही पोटात ढवळेल, असं त्या म्हणाल्या. पुंजारामभाऊजी उन्हाकडे बघत आहेत.

सहावे कलम पुरं करते. माझ्या टाचांना तिने तूप लावावं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टाचांना लावत आले.

कलम सातवे. ऊन ओट्यावरून खाली उतरलं आहे. ढवळणं कमी झालं आहे. मधे मी थोडी आडवी झाले तेव्हा संदीपने दोनदा नाकासमोर हात धरून पाहिला, ते मला कळलं. गुरुजींना मी आतापर्यंतचं सगळं वाचून दाखवायला सांगितलं. वाचून झालं. चूक आढळली नाही.

कलम आठवे आणि शेवटचे. विहारात दिवा लागला. समोरच्या घरात लागला. आमच्या घरात लावायला सुनेचा हात नाही म्हणून छबूबाईंनी लावला. मालक ज्या वेळी गेले ती वेळ आली आणि सरली. मी बसलेली आहे. मला भूक लागली आहे.

यापुढे वरची एकही ओळ खोडायची नाही. मी जिवंत आहे म्हणून घराचे हिस्से बदलत नाहीत, परात बदलत नाही. ते तूप अंगाचंच आहे, हौसेने खायला कोणी घेऊ नये, पण माझ्या मालकांना त्याने मारलेलं नाही. मी पुंजारामभाऊजींना विचारलं, "आता काय म्हणता?" ते म्हणाले, "आता काय म्हनायचं वहिनी. बसल्यात तुमी समोर." तेच साक्षीत लिहा, असं मी सांगितलं.

संदीप टेम्पो परत पाठवायला निघाला होता. मी म्हटलं, भाडं दिलेलं आहे ना, मग टेम्पो रिकामा कशाला पाठवतोस? शेवगावचा रस्ता धर. त्याने विचारलं, "ती येईल का, आई?" मला माहीत नाही. तिची मर्जी. जाऊन हात जोडायचे ते तिच्यासमोर जोड.

लिहून देणार: आक्काबाई जालिंदर भिंगारदिवे. सही साक्षरता वर्गात शिकले, स्वतः केली आहे.

लिहून घेणार: महेंद्र गुरुजी. वरील मजकूर सांगितला तसाच लिहिला.

साक्षीदार १: छबूबाई, शेजारीण. अंगठा. तूप मोजून दिले, शेवटपर्यंत जवळ बसले.

साक्षीदार २: पुंजाराम भिंगारदिवे, दीर. वहिनींनी ते खाल्लेले पाहिले. दिवेलागणीनंतर वहिनी बसलेल्या पाहिल्या. सही.

ठिकाण पिंपरवाडी, तारीख २२ डिसेंबर १९९६.

सह्या झाल्यावर सुचलं म्हणून गुरुजींना एवढं खाली लिहायला लावते. बरणीत अजून वाटीभर तूप उरलं आहे. ते टेम्पोत संदीपच्या हाती दिलं आहे. उसाच्या पाचटाने जयमालाची बोटं चिरली असतील. त्याने ते आपल्या हाताने लावावं.