फारच उत्तम अभिनय!

२ डिसेंबर, सोमवार
आजपासून मला मेंटॉर आहे! पुण्याचे डॉ. उत्कर्ष सर. मेंढरं घेऊन नवरे बाहेर पडले की वस्तीवर एकट्या राहणाऱ्या धनगर बायकांचं मानसिक आरोग्य — हा त्यांचा विषय. गावोगाव फिरून बायकांना प्रश्न विचारायचे मी, आणि मला घडवणार सर. पहिला धडा : मुलाखतीत चहा घ्यायचा नाही, उत्तरांवर परिणाम होतो. चहाला नाही म्हणणाऱ्याशी इकडं कोण बोलतं, हे त्यांना कोण सांगणार!

३ डिसेंबर
सोनारी. तारामतीबाईंना विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत निराश वाटलं का?
"निरास व्हायला येळ कुटं हाय बाई? कोकरं हायती, म्हातारी हाय."
सर म्हणाले, ‘अजिबात नाही’वर खूण कर. केली. झाली एक बाई बरी!
मग सर फोनला रेंज शोधत टेकाडावर गेले. लगेच चहा आला. बाई मेलेल्या लेकीबद्दल बोलत राहिल्या. त्यातलं काहीच कुठल्या रकान्यात बसत नव्हतं.

६ डिसेंबर
झोप नाही. आई म्हणते, "जेवत का नाहीस गं? आलीस की भिंतीकडं बघत बसतेस." दिवसभर बायकांचं ऐकायचं, घरी आलं तरी तेच कानात. सरांना सांगितलं. त्यांनी ‘स्वतःची काळजी’ नावाची फाइल पाठवली — इंग्रजीत, वर कमळाचं चित्र. घ्या!
जगण्यात राम नाही, असं आज पहिल्यांदाच मनात आलं. भीती वाटली.

१० डिसेंबर
येडशीला ट्रेनिंग. सर म्हणाले, मैथिली, तू वस्तीवरची बाई हो, मी प्रश्न विचारतो. ओढणी डोक्यावर घेतली, झाले बाई.
झोप लागते? "न्हाय लागत."
जेवण? "ग्वाड लागत न्हाय."
मरावंसं वाटतं? "वाटतं सायेब. परवा तर लई वाटलं."
बोली तेवढी उसनी होती, बाकी सगळं माझं. हॉलभर टाळ्या! सर : "वा! फारच उत्तम अभिनय!" माझ्याबरोबर काम करणाऱ्या करिश्मानं व्हिडिओ काढला. मानसशास्त्राच्या एवढ्या पदव्या एका खोलीत, आणि एकालाही — जाऊ दे. चिवडा बरा होता.

११ डिसेंबर
व्हिडिओ ग्रुपवर. अंगठेच अंगठे. करिश्मा म्हणते, सिरियलमध्ये जा.

१४ डिसेंबर
सरांचा फोन. "व्हिडिओ परत पाहिला. शेवटच्या प्रश्नाला तू रडली नाहीस, मैथिली. अभिनय करणारी रडली असती." मी उठून दार लोटून घेतलं. "माझं चुकलं. उद्या सकाळी तुळजापूरला तुझ्या घरी येतो, डॉक्टरांकडे बरोबर जाऊ. आज आईजवळ झोप. तिला सांगशील?"
सांगते म्हटलं. आणि फोनवरच ओक्साबोक्शी रडले.