चाळीस किलोचं पोतं

प्रिय हर्षाली,

मुरबाडहून तुझा फोन आला तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते. यंत्रावर तुझ्या ठोशाचा जोर एक हजार नऊशे चाळीस न्यूटन, सतरा मुलींत पहिली, शिबिरासाठी निवड. विसरू नये म्हणून राखेच्या हातानेच आकडा ओट्यावर लिहिला. तुझे बाबा असते तर किन्हवलीच्या स्टँडवर उभं राहून त्यांनी येणाऱ्या प्रत्येक एसटीला सांगितलं असतं. मी शेजारच्या काशीला सांगितलं. म्हणाली, "आता हिला सासू मिळायची नाय गो." मी म्हटलं, "मिळाली तर नीट वागेल." पोट दुखेपर्यंत हसलो दोघी. ती गेल्यावर थोडी रडले, मग चूल पेटवली.

दिवाळीनंतर तुझे कराटेचे भगीरथ सर म्हणाले, ठोसा हलका आहे, निवड अवघड. तू कराटेचे ग्लोव्हज माळ्यावर टाकलेस. पण हलका म्हणजे किती, हे सरांनाही सांगता येईना. मला ते खटकलं. वाचनालयातल्या पुस्तकात होतं, की टांगलेली वस्तू माराने किती मागे जाते त्यावरून जोर कळतो. आपण खळ्यावरचं भात पोत्यात भरलं, चाळीस किलो तोललं, पडवीच्या वाशाला टांगलं. पोत्याला कोळसा बांधला, खाली फळी ठेवली; पोतं मागे जाईल तेवढी रेघ फळीवर उठायची. पहिल्या दिवशी वहीत लिहिलं, रेघ सत्तावीस सेंटिमीटर. तीन आठवड्यांत तीस. तू म्हणालीस, "आई, आता सोडत नाय."

मग रेघ तिथेच अडली. तू चिडलीस, वही फेकलीस. मी तुझ्या हातात भाताची पेंढी दिली आणि झोडायला लावली. "नुसत्या हाताने झोडतेस का गो?" मी विचारलं. "नुसत्या हाताने झोडलं तर दाणे कसे पडतील? सगळं अंग लागतं," म्हणालीस आणि स्वतःच थांबलीस. मोबाइलवर तुझा ठोसा संथ करून पाहिला, तर टाच फिरायच्या आधीच हात सुटत होता. आधी टाच, मग कंबर, मग मूठ. दीड महिना एवढंच केलं. शेवटची रेघ चौतीस.

पत्र लिहिलं ते वेगळ्या कारणाने. सोमवारी शिबिरातल्या मॅडमना आपली वही दाखवणार म्हणतेस. त्याआधी पहिली तीन पानं खोड. भात ओलं होतं. कापणी लांबली होती, घाईत मी ते न वाळवताच भरलं. जन्म भातात गेला, तरी ते वाळून हलकं होईल हे सुचलं नाही. तू तीस काढलेस त्याच संध्याकाळी शंका आली, पोतं उतरवून तोललं, तर छत्तीस किलो. हलकं पोतं जास्त मागे जाणारच. तुझा जोर काही वाढला नव्हता. सांगायला आत आले, तर तू ग्लोव्हज पुसत गुणगुणत होतीस. बाबा गेल्यापासून तुझा तो आवाज ऐकला नव्हता. माझ्याने सांगवलं नाही. तू शाळेत गेलीस की रोज ओंजळभर रेती पोत्यात टाकत गेले, चाळीस भरेपर्यंत. म्हणून रेघ अडली होती. पोतं जड होत होतं आणि तू त्याला पुरी पडत होतीस. त्यानंतरचं, म्हणजे चौथ्या पानापासूनचं प्रत्येक माप मी पोतं तोलून घेतलं आहे. चौतीस खरी आहे, आणि मुरबाडच्या यंत्राला तर माझ्या रेतीचा पत्ताही नव्हता. रागावायचं तर रागाव, पण पानं खोड, आणि समासात लिही, की चूक आईची आहे.

तुझीच,
आई