बाबांची मिशी

दादा,

फोनवर तू विचारलंस, "बाबा मिशीला पीळ देतायत ना?" आणि मी हो म्हणाले. खरं सांगवलं नाही. हे पत्रही मी टाकणार नाहीये.

मिशी काढली रे त्यांची. फ्लू छातीत उतरला, दोन्ही फुप्फुसं भरली, आणि मिशीमुळे ऑक्सिजनचा मास्क बसेना. सिस्टरने विचारलं, "काढू का?" मी म्हटलं, "काढा बाई, श्वास तरी मिळू दे."

आयसीयूत आत सोडत नाहीत, काचेतून बघायचं. मीच काढायला सांगितली आणि मीच विसरले. मिशी दिसली तिथे हात करत राहिले. ते आजोबा ढिम्म हलेनात. शेजारच्या खाटेवरचा गुळगुळीत तोंडाचा म्हातारा मात्र सारखा मला हात करत होता. मला वैताग आला. मी पाठ फिरवली.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "मास्कने भागेना. नळी घालून झोपवून ठेवलंय." आणि त्या शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं.

आता मी योग्य खाटेकडे बघून हात करते, दादा. हात दुखेपर्यंत करते. त्यांचे डोळे मिटलेले आहेत.

तुझी,
छोटी