काकूची गोधडी

मंगळ., ४ फेब्रु., करी रोड
समोरच्या गॅलरीतल्या शालनकाकूने शेवटी तो कागद दाखवला. चाळ पाडायला संमती असल्याचं पत्र, बिल्डरने दिलेलं, खाली काकांची सही. सही गेल्या दिवाळीतली. काका जाऊन तीन वर्षं झाली. काकू एवढंच म्हणाली, "मेल्ल्या माणसान सही केल्यान कशी?"

सतरा तारखेला या संमतिपत्रांवर सुनावणी आहे. तिथे उभं राहून सांगायला ती तयार आहे. तोपर्यंत नाव नको, तोंड नको. शब्द दिलाय. नुसते हात नि कागद घेतले. गॅलरीत काय ऊन होतं! चाळीसेक फ्रेम काढल्या, वेड्यासारख्या.

गुरु., ६
फोटो फेसबुकवर टाकला. साध्या भिंतीपुढचाही एक होता, पण मेलेला. हा गॅलरीतला घेतला, मागे लाल रंग सुरेख आलाय. चाळीच्या भाडेकरू संघटनेच्या ग्रुपवर सगळे खूश. आई सोडून. "खाली तुझं नाव कशाला घातलंस?" म्हणे. मी म्हटलं, नाव नाही घातलं तर विश्वास कोण ठेवणार? वाद. ती जेवली नाही नीट.

शनि., ८
जिन्यात ब. भेटला. (पूर्ण नाव इथेसुद्धा लिहवत नाही.) पूर्वी गणपतीत माझ्याबरोबर मखराला कागद चिकटवायचा. आता तळमजल्यावर बिल्डरचं ऑफिस सांभाळतो. गोड आवाजात म्हणाला, "ताई, फोटो एक नंबर आलाय हां. गोधडी पण एकदम क्लियर."

दोन मजले चढले तेव्हा डोक्यात शिरलं, गोधडी.

लॅपटॉप उघडला. काकूच्या हातांमागे, कठड्यावर तिची गोधडी. काकांचे वॉचमनच्या नोकरीतले खाकी शर्ट नि तिच्या लग्नातल्या साडीचे लाल काठ. चाळीत कुणाच्या कठड्यावर काय वाळतं हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मी इथेच वाढले, मलाही पाठ आहे. पण त्या दिवशी मला फक्त लाल रंग दिसला. तोंड झाकलं नि घर उघडं टाकलं. मूर्ख. मूर्ख.

फोटो काढून टाकला. आता काय उपयोग.

मंगळ., ११
सकाळी काकूच्या दाराला बाहेरून कडी. ती आतून उलथन्याने दार बडवत होती, मला इकडे ऐकू आलं. धावले, कडी काढली. शेजारच्या दोन्ही खोल्यांची दारं बंद, आत टीव्ही चालू. चौकीत म्हणाले, "पोरांनी मस्करी केली असेल, मॅडम. लिहून कशाला घेता?"

काकूला सांगून टाकलं, चूक माझी. वाटलं, शिव्या घालील. तिने चहा टाकला. शिव्या परवडल्या असत्या.

गुरु., १३
अनोळखी नंबरवरून एक फोटो. मजकूर नाही. भाजीवाल्यापुढे उभी असलेली बाई, पाठमोरी. तोंड दिसत नाही. हातात क्रोशाची निळी पिशवी, एक बंद शिवलेला.

तो बंद मीच शिवून दिलाय आईला.

फोटो बराच वेळ बघत बसले. फ्रेम चांगली आहे, हे डोक्यात आलं त्याची लाज वाटली. आईला सांगितलं नाही. भाजी मीच आणीन म्हटलं तर म्हणाली, "तुला वांगी निवडता येत नाहीत."

कॅमेरा उचललेला नाही दोन दिवस.

शनि., १५
काकूकडे गेले. म्हटलं, सोमवारी नको जाऊस. मीच आणलं तुला यात, मीच सांगते, नको. सगळं बोलले, आईच्या फोटोचंही. तिने ऐकून घेतलं. मग उठली, केस विंचरले, चष्मा पदराने पुसला नि खुर्ची ओढून उजेडात बसली.

"आता लपान काय करू? सगळ्यांका कळला मां? घे, तोंडाचो काढ."

पहिले दोन हलले. तिसरा आला. सरळ बघतेय, शाळेतल्या रागावलेल्या बाईंसारखी. म्हणाली, सोमवारी ती तिथे पोचली की टाकायचा. आधी नाही.

मला वाटत होतं, ती 'नाही जात' म्हणेल. खरं लिहायचं तर तेच ऐकायला गेले होते.

रवि., १६
काकूने गोधडी बाहेर घातली सकाळी! आठवड्यात पहिल्यांदा. समोरून हात केला. मीही केला. बरं वाटलं, नि तिचा रागही आला.

४.४०. गोधडी अजून कठड्यावर. चारला ती आत घेतेच, नंतर टॉवरच्या कामाची धूळ येते. वर्षानुवर्षं घड्याळ न बघता घेते.

५.०५. फोन केला. वाजतोय, मला इथून ऐकू येतंय. दार उघडं आहे. शेजारची बंद.

पुन्हा वाजवला. ऊन गेलं कठड्यावरून.

आईला सगळं सांगितलं, पिशवीचंही. मी हे लिहितेय तोवर जावं लागत नाही. ती चप्पल घालून दारात उभी आहे. चल म्हणते.