तोरा कोणाचा?

बडा गणपती, इंदूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. उदयसिंह यास,
शशीताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतोय, पण दागिन्यांसाठी सराफ्यात चकरा मारायला एका पायावर तयार! पूर्वाच्या लग्नाची अर्धी खरेदी झाली. थंडी पडली आहे. पहाटे मंडीत जातोस, कान बांधत जा.

फोनच केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो. म्हणून लिहिते.

साखरपुड्यात तू मामाचा फेटा बांधून घेतला नाहीस आणि मी भर पाहुण्यांत म्हणाले, "केवढा हा तोरा!" तू न जेवता हातोदला घरी निघून गेलास. त्यानंतर आठवडाभर मी घरात तेच दळण दळत होते. शेवटी पूर्वाने विचारलं, "मम्मी, ये तोरा म्हणजे एक्झॅक्टली काय गं?" या पोरींचं मराठी तुला ठाऊकच आहे. मी ऐटीत सांगितलं, "स्वतःला फार मोठं समजायचं आणि दुसऱ्याला तुच्छ लेखायचं, तो तोरा."

"तो फिर मामाने कुणाला तुच्छ लेखलं? माझ्या सासूबाईंना तू काय बोलली, मी बाजूलाच होते ना."

आता लपवून काय करू? तू मंडीतून तसाच आला होतास, कुडत्यावर सोयाबीनचा भुसा. विहीणबाईंनी विचारलं, हे कोण? मी म्हणाले, "हातोदचे आहेत, ओळखीचे." तू ऐकलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी फेटेवाल्याला तुझ्याकडे पाठवलं. तू एवढंच म्हणालास, "ओळखीच्या माणसाला मामाचा मान कशाला?"

काल विहीणबाईंकडे जाऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, आम्हाला तेव्हाच समजलं होतं. चेहरा सेम टू सेम आहे दोघांचा. तुम्हाला ओशाळं वाटेल म्हणून गप्प बसलो." पुढ्यातला चहा तसाच ठेवून मी उठले. लाज वाटली रे, फार लाज वाटली.

मामाने हात धरून आणल्याशिवाय मांडवात पाऊल टाकणार नाही, असं पूर्वा म्हणते. पण तिच्याकडे बघून ये, असं मी म्हणणार नाही. तिच्या आड मला लपायचं नाही.

देवाची अक्षत झाली की दुसरी तुझीच. रविवारी ती घेऊन मी एकटी येते. जे केलं ते तुझ्या गल्लीतल्या लोकांसमोर बोलेन. दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसून राहीन.

तुझी सख्खी बहीण,
शशिकला