भावोजींसाठी मीटिंग

१० फेब्रुवारी, सोमवार
तिचा मेसेज आला. आधी दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जा, मग बोलू. आणि लगेच मला ब्लॉक. ठीक आहे. मी काही दारुडा नाही, पण तिच्यासाठी काय वाट्टेल ते. दोन-चार मीटिंगा करायच्या, तिला कळवायचं, विषय संपला. कळवायचं कसं, ते नंतर बघू.
ती मला सोडून गेली म्हणून मी पितो. ताई म्हणते, पितोस म्हणून ती गेली. ताईला क्रम कळत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मीटिंगचा नंबर शोधून फोन लावला. कुणी काका होते. शाळेची मागची इमारत, शनिवारी संध्याकाळी. विचारलं, सर्टिफिकेट मिळतं का? हसले. हे म्हणे आधार देणारे लोक.
काचेच्या दुकानात आरसा फुटला. भावोजींकडे हल्ली काच हलकी येते. ते म्हणाले, काच तीच आहे, तुझा हात हलतोय. कॉलेजवर लाथ मारून यांच्या काचा कापतोय, तर हे ऐकायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
गेलो. धीर यावा म्हणून निघताना थोडीशी घेतली. शाळेत समोरासमोर दोन वर्ग उघडे. एकात सगळे पुरुष, चेहरे उतरलेले. दुसऱ्यात बऱ्याच बायका, दोन म्हातारे, चहा. दुसऱ्यात शिरलो. एक बाई दारूने संसाराचं कसं वाटोळं झालं ते सांगत होत्या. म्हणजे जागा बरोबर.
मग चष्मेवाल्या काकूंनी मायेने विचारलं, तुमच्याकडे कोण पितं? तेव्हा कळलं, ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग. पिणारे समोर. आता उठणं बरं दिसलं नसतं. म्हणालो, भावोजी.
भावोजींनी मागे एकदा कुणाच्या तरी पार्टीत बिअर घेतली होती. म्हणजे अगदीच खोटं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा तिथेच. आज मनापासून बोललो. भावोजी सकाळी हात थरथरतो म्हणून घेतात, काचा फोडतात, ताईवर ओरडतात, दर सोमवारी सोडतात. काकूंनी डोळे पुसले. मध्ये कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, खोलीतलं बाहेर न्यायचं नाही, असा तिथला नियम. आपल्याला एकदम पटला. मला पूर्ण बोलू देणारी माणसं पहिल्यांदाच भेटली.
घरी येईपर्यंत भावोजींचा खरोखरच संताप आला होता. जेवताना त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. म्हणाले, काय रे बाबा, मी काय केलं? निर्लज्जपणा बघा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आजपासून बंद ठरवली होती. दुपारी भावोजींनी खिडकीचं माप चुकलं म्हणून गिऱ्हाइकासमोर झापलं. घ्यावी लागली. काकू म्हणतात तेच खरं, एक पिणारा अख्ख्या घराला आजारी पाडतो.

१ मार्च, शनिवार
ती आली. मीटिंगला. मी मागच्या बाकावर. वाटलं, मला शोधत आली. केस नीट केले. पण ती सरळ पुढे बसली आणि बोलायला लागली.
म्हणाली, एक मुलगा आहे. हुशार. परीक्षेला पिऊन आला, सरांच्या अंगावर धावून गेला, कॉलेज सुटलं. सगळ्यांना सांगतो, मीच लाथ मारली. अर्ध्यापर्यंत मला त्या मुलाची चीड येत होती.
पुढे म्हणाली, मीटिंगला जा म्हणून सांगितलं. तो गेला की नाही, हे बघत बसणं मात्र मी सोडलंय. परवा किती दिवसांनी शांत झोपले.
मी ताडकन उठलो. काकू म्हणाल्या, मध्ये बोलायचं नाही. म्हणालो, अहो, ही माझ्याबद्दल बोलतेय. सगळी खोली जमिनीकडे बघायला लागली. ती वळली. चिडली असती तरी चाललं असतं. तिने नुसतं काकूंना विचारलं, हा इथे कुणासाठी येतो?
काकू म्हणाल्या, भावोजींसाठी.
ती म्हणाली, ते तर दारूचा वास आला की खोकल्याचं औषधसुद्धा ठेवून देतात.

३ मार्च, सोमवार
विश्वासघात. मी कुणाला काय बोललो नाही, आणि हिने परक्यांसमोर माझी लक्तरं काढली. खोलीतलं बाहेर न्यायचं नाही, म्हणजे भांडायचीही सोय नाही.
काकूंना फोन लावला. म्हणालो, मी कोण ते तिच्यामुळे सगळ्यांना कळलं. म्हणाल्या, बाळा, तू दारातून आत आलास तेव्हाच कळलं होतं. त्या वासाबरोबर आमच्यातल्या प्रत्येकीने संसार केलाय. मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, सल्ला द्यायचा नाही ना. आणि भावोजींबद्दल तू इतकं खरं सांगत होतास.
अख्खी खोली फितूर.

८ मार्च, शनिवार
समोरच्या वर्गात गेलो. तिला दिसावं, एवढ्यासाठीच. दाराजवळचा बाक धरला. फोनवरचे काका तिथेच होते, आवाजावरून ओळखले. विचारलं, बोलणार का? म्हणालो, मी कुणाची तरी वाट बघतोय. म्हणाले, बघ.
ती आली. दाराशी थांबली. आत मला पाहिलं. मी सरळ बसलो, चेहरा सुधारलेला केला. काय बोलायचं ते सगळं पाठ होतं.
म्हणाली, दार लावून घे, पलीकडे आवाज येतो.
आणि गेली.
उठून लावलं. आतून.